स्मृतिभ्रंश, ब-१२ जीवनसत्त्व आणि पुराव्याची पारख

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य अशा येथे जमलेल्या मंडळींपुढे हा विषय मांडण्यामागे एक निश्चित हेतू आहे. घरातील वृद्ध व्यक्ती पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारू लागली, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, निवृत्तिवेतनाच्या कागदावरील सही जुळेनाशी झाली, की कुटुंबीय प्रथम शेजाऱ्यांचा, मग औषधाच्या दुकानदाराचा आणि बऱ्याच उशिरा डॉक्टरांचा सल्ला घेतात. गावात तर असा सल्ला पुष्कळदा शाळेतील गुरुजींना अथवा सरपंचांनाच विचारला जातो. अमुक एका इंजेक्शनाने विसराळूपणा जातो म्हणतात, ते खरे काय, या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देऊन भागत नाही. ते उत्तर कोणत्या पुराव्याच्या आधारे द्यावयाचे, हाच आजच्या भाषणाचा विषय होय. पुणे शहराच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे; कारण ज्या जीवनसत्त्वाचे नाव स्मरणशक्तीच्या संदर्भात वारंवार घेतले जाते, त्या ब-१२ च्या अभावाबद्दलचे महत्त्वाचे संशोधन याच शहरात झालेले आहे.

प्रश्नाची व्याप्ती

वय वाढले की नावे चटकन आठवत नाहीत, चष्मा कोठे ठेवला हे ध्यानात राहत नाही. याला कोणी आजार म्हणणार नाही. स्मरण, भाषा, हिशेब आणि निर्णय या शक्ती इतक्या क्षीण होतात की नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे पार पाडणे अशक्य होते, तेव्हा त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर तिला 'डिमेन्शिया' या नावाने ओळखतात. अल्झायमरचा विकार हे तिचे सर्वांत मोठे कारण असून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे मोठे कारण आहे. निरोगी वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांच्या दरम्यान सौम्य क्षीणतेची एक पायरी असते. त्या पायरीवरील प्रत्येक व्यक्ती पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातेच असे नाही.

भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीच्या अंतर्गत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे हा केवळ शहरी सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, ही समजूत बरोबर नाही.

एवढ्या मोठ्या संख्येने कुटुंबे ज्या विकाराने गांजली आहेत, त्यावर कोणी उपाय सांगितला तर लोक तो करून पाहणारच. उपाय निरर्थक असेल तर पैसा जातो, वेळ जातो आणि आशा लावून घेतलेल्या घराची निराशा होते. उलट, उपाय खरोखरच उपयुक्त असूनही दुर्लक्षिला गेला, तर टाळता येण्याजोगे नुकसान कायमचे होऊन बसते. ब-१२ च्या बाबतीत या दोन्ही चुका होत असतात. म्हणून त्याच्या पुराव्याची पारख काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे.

पुण्यातील निरीक्षण

रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी हेल्गा रेफ्सुम या नॉर्वेजियन संशोधिकेच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुण्यातील २०४ स्त्रीपुरुषांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ४७ टक्के व्यक्तींच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण लिटरमागे १५० पिकोमोल या मर्यादेपेक्षा कमी निघाले. प्रयोगशाळांच्या नेहमीच्या अहवालांत ही मर्यादा मिलिलिटरमागे सुमारे २०० पिकोग्रॅम अशी दिलेली असते. पुढे २००६ मध्ये पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ग्रामीण रहिवासी होते, झोपडपट्टीतील रहिवासी होते आणि शहरातील मध्यमवर्गीयही होते. एकंदर ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले आणि मध्यमवर्गीयांमध्ये तर हे प्रमाण ८१ टक्के होते. ज्या वर्गाला दोन वेळच्या अन्नाची चिंता नाही, त्याच वर्गात हा अभाव सर्वाधिक असावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी होती.

तिचे कारण आहारात आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाचे पदार्थ यांतूनच ते मिळते. सदर पाहणीत शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ कमी असण्याची शक्यता ४.४ पट अधिक दिसून आली. शिवाय, अन्नातील ब-१२ शोषून घेण्यासाठी जठरातील आम्ल व एक विशिष्ट प्रथिन यांची गरज असते. उतारवयात आम्ल कमी होते. मधुमेहासाठी दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्या यांमुळेही शोषण घटते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे हा अभाव सावकाश वाढतो आणि तो वाढत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब-१२ कमी पडले की रक्तातील होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते. हे द्रव्य शरीरात सतत तयार होत असते व त्याची विल्हेवाट लावण्यास ब-१२ आणि फॉलिक आम्ल यांचे साहाय्य लागते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १,०९२ वृद्धांच्या अभ्यासात होमोसिस्टीन बरेच वाढलेल्या व्यक्तींना अल्झायमरचा विकार होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असल्याचे २००२ मध्ये दिसून आले. साहजिकच एक साखळी तयार झाली. पुण्यात ब-१२ कमी आहे. ब-१२ कमी असले की होमोसिस्टीन वाढते. होमोसिस्टीन वाढले की स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. तेव्हा ब-१२ दिले की स्मृतिभ्रंश टळेल. साखळी सुबक आहे खरी; परंतु तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे ताणून पाहावयास हवी.

संबंध आणि कारण

पहिली शंका अगदी साध्या गणिताची आहे. पुण्यातील मध्यमवर्गीय वस्तीतील कोणतेही १०० मध्यमवयीन पुरुष घेतले, तरी वरील पाहणीनुसार त्यांपैकी सुमारे ८१ जणांचे ब-१२ कमी निघणार. त्यांची स्मरणशक्ती उत्तम असली तरीही हा आकडा बदलत नाही. आता याच वस्तीतील स्मृतिभ्रंशाच्या एखाद्या रुग्णाचे रक्त तपासले आणि ब-१२ कमी निघाले, तर त्यावरून काय सिद्ध झाले? फार थोडे. वारीत हरवलेल्या माणसाची खूण 'डोक्यावर पांढरी टोपी' एवढीच सांगितली, तर शोध लागणार नाही. कारण तेथे बहुतेकांच्याच डोक्यावर ती असते. जो अभाव समाजात सरसकट आढळतो, तो रुग्णातही आढळणे अपेक्षितच आहे. तो रुग्णाच्या विकाराचे कारण आहे असे म्हणण्यासाठी अधिक पुरावा लागतो.

दुसरी शंका क्रमाची आहे. स्मृतिभ्रंश जडू लागलेली व्यक्ती जेवण विसरते, एकाच प्रकारचे अन्न खाते, दूध-अंडी यांकडे दुर्लक्ष करते. तेव्हा ब-१२ कमी झाल्यामुळे विस्मरण आले, की विस्मरणामुळे ब-१२ कमी झाले, हे एका वेळच्या तपासणीतून ठरविता येत नाही.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची होय. एखादे द्रव्य विकाराबरोबर वाढत असेल, तर ते खाली आणल्याने विकारही कमी होईल, असे गृहीत धरता येत नाही. नदीला पूर आला की पुलाखालच्या मापनपट्टीवरील आकडा वर जातो. पट्टीवरचा आकडा पुसल्याने पूर ओसरत नाही. होमोसिस्टीन हे पुराचे पाणी आहे की केवळ पट्टीवरचा आकडा, याचा निर्णय प्रत्यक्ष प्रयोगाशिवाय होऊ शकत नाही.

प्रयोगांची साक्ष

असा प्रयोग कसा करतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पुरेशा संख्येने व्यक्ती निवडून सोडतीने त्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नसते व तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ठरलेल्या मुदतीनंतर दोन्ही गटांची तुलना करतात. सोडतीमुळे दोन्ही गट वय, शिक्षण, आहार आदी बाबतींत सारखे राहतात आणि अज्ञानामुळे कोणाच्या आशेचा वा पूर्वग्रहाचा परिणाम मोजमापावर होत नाही. 'आमच्या वडिलांना गुण आला' ही साक्ष प्रामाणिक असली, तरी ती या कसोटीची जागा घेऊ शकत नाही. कारण स्मृतिभ्रंशात बरे-वाईट दिवस आपोआपच येत असतात.

अमेरिकेत सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०९ रुग्णांवर झालेल्या अशा प्रयोगाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला १८ महिने फॉलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ मोठ्या मात्रेत देण्यात आले. होमोसिस्टीन खाली आले. परंतु बुद्धीचा ऱ्हास दोन्ही गटांत सारख्याच गतीने चालू राहिला. एवढेच नव्हे, तर जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात खिन्नतेच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या.

यावर असे म्हणता येईल की, विकार जडल्यानंतर उपचार करून उपयोग काय. तो आधी केला पाहिजे. हा आक्षेप रास्त आहे. ऑक्सफर्ड येथे डेव्हिड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षांवरील, सौम्य क्षीणता असलेल्या २७१ व्यक्तींवर प्रयोग केला आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १६८ जणांच्या मेंदूची छायाचित्रे दोन वर्षांच्या आरंभी व अखेरीस घेण्यात आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला १.०८ टक्के, तर जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचा ०.७६ टक्के आक्रसला. ज्यांचे होमोसिस्टीन सुरुवातीस अधिक होते, त्यांच्यात हा फरक ठळक दिसला. ब जीवनसत्त्वांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा म्हणावा लागेल. परंतु त्याचा मुख्य निकष मेंदूचे आकारमान हा होता. रुग्णाचा रोजचा व्यवहार किती सुधारला, याचा निर्णय केवळ छायाचित्रावरून होत नाही. शिवाय असा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी, अधिक लोकांवर पुन्हा मिळाला, तरच तो पक्का समजावयाचा असतो.

तसा तो मिळाला नाही. नेदरलँड्समध्ये होमोसिस्टीन वाढलेल्या २,९१९ वृद्धांना दोन वर्षे फॉलिक आम्ल व ब-१२ अथवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. बुद्धीच्या चाचण्यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नसल्याचे २०१४ मध्ये नोंदविण्यात आले. त्याच वर्षी अशा ११ प्रयोगांतील सुमारे २२,००० व्यक्तींची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. होमोसिस्टीन साधारणपणे एक-चतुर्थांशाने उतरले होते, तरी बुद्धीवर त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. इंग्लंडमध्ये ब-१२ मध्यम प्रमाणात कमी असलेल्या, परंतु रक्तक्षय नसलेल्या २०१ वृद्धांना वर्षभर ब-१२ च्या गोळ्या देऊनही मज्जातंतूंचे कार्य अथवा बुद्धी यांत फायदा आढळला नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या साक्षींचा एकत्रित अर्थ असा की, स्मृतिभ्रंशावरील सर्वसाधारण औषध म्हणून ब-१२ ला आधार नाही. जीवनसत्त्व रक्तातील आकडा दुरुस्त करते. परंतु आकडा दुरुस्त झाला म्हणजे स्मरण परत आले असे होत नाही. पुण्यातही केईएम रुग्णालयाच्या पथकाने सुमारे ४० शाकाहारी स्त्रियांना सहा आठवडे ब-१२ च्या गोळ्या देऊन होमोसिस्टीन उतरते, हे २००७ मध्ये दाखविले होते. तो प्रयोग आकड्यापुरता होता आणि तसाच तो वाचावयास हवा. त्यातून स्मरणशक्तीबद्दल काही निष्कर्ष काढणे संशोधकांवर अन्याय करणारे ठरेल.

पुराव्याची मर्यादा

तथापि, पारख करणाऱ्याने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वर सांगितलेले मोठे प्रयोग युरोप-अमेरिकेतील लोकांवर झाले. त्यांतील बहुसंख्यांच्या आहारात मांस व दूध होते आणि ब-१२ ची खरी तूट असणारे थोडे होते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला आणखी एक भाकरी वाढून तो अधिक बलवान झाला नाही, म्हणून भाकरी निरुपयोगी ठरत नाही. जेथे दर तीन पुरुषांपैकी दोघांमध्ये अभाव आढळतो आणि तोही बहुधा आयुष्यभराचा असतो, तेथील प्रश्नाचे उत्तर परक्या भूमीवरील प्रयोगांतून पूर्णपणे मिळत नाही. त्यासाठी प्रयोगही येथील लोकांवर व्हावयास हवा.

असा मार्ग पुण्याच्या संशोधकांनी एका निराळ्या प्रश्नासाठी अवलंबिला, तो नमुन्यादाखल पाहण्याजोगा आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातील मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्या मातांचे ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांची अवधान व अल्पकालीन स्मरण यांतील कामगिरी उणी दिसली. हा २००८ मधील निष्कर्ष केवळ संबंध दाखविणारा होता. संशोधक तेथे थांबले नाहीत. त्यांनी याच पिढीतील तरुण-तरुणींना सोडतीने गट पाडून ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू केला आणि पुढे त्यांना झालेल्या मुलांची वाढ मोजली. ज्या गटातील मातांना केवळ ब-१२ मिळाले होते, त्यांची मुले सुमारे दोन वर्षांच्या वयात आकलन व भाषा यांत पुढे असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची संख्या थोडी असल्यामुळे हा निष्कर्षही सावधपणेच घ्यावा लागतो. तरीही निरीक्षणाकडून प्रयोगाकडे जाण्याची ही रीत योग्य होय. उमलत्या मेंदूबद्दल मिळालेले उत्तर वृद्धाच्या मेंदूला लागू करता येत नाही, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे.

अभावाचा उपचार, विकाराचा उपचार

मग ब-१२ तपासावयाचे की नाही? अवश्य तपासावयाचे. अभाव भरून काढणे ही एक गोष्ट आणि स्मृतिभ्रंश बरा करणे ही दुसरी गोष्ट, एवढा विवेक मात्र ठेवावयाचा. ब-१२ चा तीव्र अभाव हा स्वतंत्र आजार आहे. त्यात तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, चालणे डळमळते, थकवा येतो, स्वभाव बदलतो आणि स्मरणही मंदावते. रक्तक्षय नसतानाही मज्जातंतूंना इजा होऊ शकते. हा अभाव लवकर ओळखला गेला तर उपचाराने सुधारणा होते. फार उशीर झाला तर झालेली इजा पूर्णपणे भरून येत नाही. रक्ताची साधी तपासणी आणि अल्प खर्चाच्या गोळ्या यांनी एवढे साधत असेल, तर विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाची ही तपासणी व्हावी, यात दुमत नसावे. पुष्कळ रुग्णांना पुरेशा मात्रेच्या गोळ्या इंजेक्शनाइतक्याच चालतात. मज्जातंतूंची लक्षणे तीव्र असतील, तेव्हा इंजेक्शनाची निवड डॉक्टर करतात.

फॉलिक आम्लाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधील रक्तक्षयाचा शोध घेतला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखविले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. ते अत्यंत उपयुक्त आहे. परंतु ब-१२ चा अभाव असलेल्या व्यक्तीला नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्तक्षय सुधारून सर्व ठीक असल्याचा भास होतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. यास्तव ही औषधे स्वतःच्या विचाराने घेऊ नयेत.

अपेक्षा किती ठेवावी, हेही आकड्यांवरून समजते. स्मृतिभ्रंशाची कारणे शोधणाऱ्या अनेक अभ्यासांचा २००३ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, सुमारे ९ टक्के रुग्णांत सुधारता येण्याजोगे एखादे कारण सापडले. प्रत्यक्षात विकार मागे हटला असे रुग्ण मात्र ०.६ टक्केच निघाले. कारण सापडले म्हणजे विकार गेला, असे होत नाही. तरीही एखाद्या घरातील आजी त्या अल्पसंख्येत असू शकते. म्हणून तपासणी टाळू नये.

नव्या औषधांना तीच कसोटी

हीच कसोटी इतर औषधांनाही लावावयास हवी. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही औषधे अल्झायमरच्या रुग्णांना पुष्कळ वर्षे दिली जात आहेत. त्यांच्या प्रयोगांच्या २००६ मधील एकत्रित आढाव्यात, ७० गुणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी सरासरी २.७ गुणांचा लाभ दिसला. लाभ खरा आहे. पण तो लहान आहे. मळमळ, उलटी, जुलाब हे त्रास काहींना होतात आणि विकाराची मूळ वाटचाल या औषधांनी थांबत नाही.

लेकानेमॅब या नव्या औषधाची वार्ता 'ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला' अशी जगभर पसरली. १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या प्रयोगात, १८ गुणांच्या मापावर एका गटाची घसरण १.६६ आणि औषध घेणाऱ्या गटाची १.२१ होती. म्हणजे फरक ०.४५ गुणांचा. २७ टक्के आणि ०.४५ गुण हे दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु पहिला ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ते दुसरा ऐकल्यावर राहत नाही. या औषधाने १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याचे छायाचित्रांत दिसले. त्याच जातीच्या अॅड्युकॅनुमॅब या औषधाला अमेरिकेत जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली होती. मेंदूतील विशिष्ट प्रथिनाचा साठा कमी होतो, या आधारावर ती दिली गेली. रुग्णाला होणाऱ्या लाभाबद्दल तज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. जानेवारी २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने ते बंद करीत असल्याचे जाहीर केले. मापनपट्टीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष पूर यांतील भेद श्रीमंत देशांतही विसरला जातो, याचे हे उदाहरण होय.

कार्यकर्त्यांचे काम

शिक्षक, ग्रामसेवक अथवा पंचायत सदस्य यांनी औषधयोजना करावी, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. परंतु कोणत्याही औषधाची वाखाणणी ऐकल्यावर पाच प्रश्न विचारणे त्यांना सहज शक्य आहे. हे औषध कोणत्या लोकांवर तपासले आणि ते येथल्या लोकांसारखे होते काय? सोडतीने पाडलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना झाली होती काय? मोजले काय, रक्तातील आकडा की माणसाचे वागणे? फरक टक्क्यांत न सांगता प्रत्यक्षात किती होता? त्रास व खर्च किती? या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्या विक्रेत्याच्या मालापासून गावाने दूर राहावे, हे उत्तम.

अधिकाऱ्यांच्या हाती कायद्याचे साधनही आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत मेंदूच्या विकारांचा समावेश आहे. असे विकार बरे करण्याच्या जाहिराती आठवड्याच्या बाजारात अथवा भिंतींवर दिसल्यास त्यांची दखल घेता येते. भारतात औषधांच्या प्रयोगांची नोंदणी जून २००९ पासून सक्तीची असून त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. आपल्या औषधाचा प्रयोग झाला असल्याचे सांगणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागावा.

शेवटी, औषधाच्या पलीकडेही करण्याजोगे पुष्कळ आहे आणि तेथे पुरावा अधिक आशादायक आहे. 'लँसेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित अशी बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सारी दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू अथवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. बालपणीचे अपुरे शिक्षण, बहिरेपणा, मंद दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा आणि दूषित हवा ही त्यांतील काही होत. या यादीत ब-१२ नाही, हेही लक्षात घ्यावे. मुलगी शाळेत टिकली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर झाली, ऐकू न येणाऱ्या आजोबांना श्रवणयंत्र मिळाले, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची नियमित तपासणी झाली, तर त्या गावाने स्मृतिभ्रंशाविरुद्ध काम केले असे म्हणता येईल. त्याच केंद्रात विस्मरणाची तक्रार सांगणाऱ्या वृद्धाचे ब-१२ तपासून अभाव असल्यास तो भरून काढावा. त्याच वेळी, या गोळीने अभाव दूर होईल, स्मृतिभ्रंश बरा होईल असे मात्र नाही, हेही कुटुंबाला स्वच्छ शब्दांत सांगावे. त्यामुळे पुढील देखभालीची तयारी ते कुटुंब वेळेवर करू शकेल.